लघवी मोजली, पण कोणत्या वजनावर?

लठ्ठ रुग्णांच्या किडनीला आयसीयूत जास्त इजा होते, असं एका लेखात सरसकट म्हटलंय; पण लघवीचा हिशेब कोणत्या वजनावर केला, ते लिहिलेलंच नाही. सगळी गोम तिथेच आहे. केडिगो (किडनीच्या आजारांसाठी मार्गदर्शक सूचना काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था) हिच्या २०१२च्या निकषांत ताशी, किलोमागे ०.५ मिलीपेक्षा कमी लघवी सलग ६ तास राहिली की इजा धरतात. आता १६५ सेंमी उंचीचा, १२० किलोचा पुरुष घ्या. प्रत्यक्ष वजनावर मर्यादा ६० मिली, उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनावर (साधारण ६१ किलो) जेमतेम ३१. युरोबॅगेत (लघवी जमा होण्याच्या पिशवीत) तासाला ४० मिली जमतंय, म्हणजे एका हिशेबाने किडनी बिघडली, दुसऱ्याने ठीक! मग सलाईनचा मारा होतो. अंगात पाणी साठतं, पोटातला दाब वाढतो, किडनीच्या शिरा दबतात आणि लघवी खरोखरच घटते.

कृपा करून अंदाजाने वजन लिहू नका, आडव्या रुग्णाची उंची टेपने मोजा. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) ४८ तासांत ०.३ मिग्रॅ/डेसिलिटरने वाढलंय का बघा, मात्र भरपूर सलाईन गेलं असेल तर ते पातळ होऊन कमी दिसतं. कॅथेटरमधून (लघवीच्या नळीतून) मूत्राशयाचा दाबही घ्या, त्यावरून पोटातला दाब कळतो. लठ्ठ माणसात तो मुळातच चढा असतो, म्हणून एका आकड्यावर न जाता दर ४-६ तासांनी मोजून वाढतोय का ते पाहावं.