तो थांबला होता, संपला नव्हता

परवाच्या रविवारी पणजीत चार वाजताचा तालवाद्यांचा नाट्यप्रयोग पाहून आलो. म्हणजे प्रयोग थोडा, प्रेक्षकच जास्त पाहिले. रंगमंचावर घुमट आणि शामेळ ही आपली चामड्याची वाद्यं, कांसाळें म्हणजे झांजा, शिवाय झाडू, पत्र्याचे डबे, काडेपेट्या. संवाद एकही नाही. असल्या खेळाला कसं जावं हे मला आता नीट कळलंय. तुम्हालाही सांगतो, फुकट.

चार म्हणजे साडेचार. शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, जेवून आडवा झालेला माणूस चारला कुठे उठतो? चहा घ्या, सावकाश निघा आणि आत अंधार झाल्यावरच शिरा. मोबाइलची बॅटरी आधी खुर्चीच्या नंबरावर मारा, मग बसलेल्यांच्या डोळ्यांत.

प्रमुख पाहुणे यायचेत? मग घाई तर मुळीच नको.

खाऊ करकरणाऱ्या पिशवीतूनच न्या. झाडूच्या हलक्या तालात ती छान मिसळते.

फोन आला तर उचला. 'खेळाक आयलां गो, मागीर करतां' हे तोंडावर हात धरून बोललं की कुणाला ऐकू येत नाही.

माझ्या शेजारचं पाच-सहा वर्षांचं पोर तोंड उघडं टाकून गप्प ऐकत होतं. अशा मुलांच्या हातात वेळीच मोबाइल द्या. (त्याच्या आईने दिला. आवाजासकट.)

आता टाळी. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर आपलेच. एका हाताने एक ताल, दुसऱ्याने दुसरा धरणारा माणूस या मातीत झाला, म्हणजे ताल आपल्या रक्तातच. ऐकायची गरज नाही. तेव्हा वादकाने सुरुवात केली रे केली की ठोकायला लागा. तो दादऱ्याच्या सहा मात्रांत असेल, असू दे. आपण केरव्याच्या आठ मारायच्या आणि दर आवर्तनाला थोडं पुढे पळायचं. तो बिचारा येईल मागून धावत.

परवा एका वादकाने बाकी सगळ्यांना थांबवलं. एकच दिवा, एकच घुमट. मातीचं ते भांडं, मोठ्या तोंडावर चामडं, मागचं अरुंद तोंड उघडं. त्या उघड्या तोंडावर डावा तळवा मिटत-उघडत तो नाद घडवत होता. आधी भरदार, मग नुसता श्वासाएवढा. मग एक थाप दिली आणि हात हवेतच धरला. आणि आमच्या रांगेतून शिट्टी! मग टाळ्या, मग सगळे मोबाइल वर. अहो, तो थांबला होता, संपला नव्हता! ती रिकामी मात्रा त्याने वाजवली होती. तुम्ही ती बुजवलीत.

२०१९ मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य झालं, तेव्हा छाती कोणी फुगवली? आपणच ना? चतुर्थीच्या आरतीत पोराचा एक ठोका चुकला तर डोळे वटारता, आणि तिकीट काढून बसलात की तुमचेच कान कुठे जातात? घोरपडीचं कातडं कायद्याने बंद झालं, ही माणसं बकऱ्याच्या कातड्यावर हात झिजवतायत. तुमच्याकडून त्यांना दीड तास गप्प बसणं एवढंच हवं होतं. तेवढंही जमत नसेल तर घरी झोपा ना, दुपार तशीही झोपेचीच असते.

शेवटी वादक एका रांगेत उभे राहून वाकले. हात थांबले होते, आता खरंच संपलं होतं. टाळी वाजवायची ती तेव्हा. अर्धं सभागृह तोवर खाली पार्किंगमध्ये हॉर्न वाजवत होतं.