ज्येष्ठमध कोणाच्या अभ्यासक्रमात?

नाशिकहून सध्या एकच भांडण माझ्या फोनवर येऊन आदळतं: कोणी कोणाची औषधं लिहायची. सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांना मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदणी द्यायची का, यावरून 2025 च्या सप्टेंबरात राज्यभर ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. तेव्हापासून आमचा बीएएमएसच्या बॅचचा ग्रुप आणि घरचा ग्रुप, दोन्ही धुमसतायत. माझा एमबीबीएस झालेला चुलतभाऊ लिहितो, "झाडपाल्यावाल्यांनी आपापल्या काढ्यापुरतं बघावं." बॅचच्या ग्रुपवर त्याच सुमारास सुश्रुताचं चित्र आणि खाली दहा नमस्कार. रुग्णाबद्दल दोन्हीकडे एक ओळ नसते, आणि माझं डोकं तापतं ते त्यामुळे.

मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये फार्मसीच्या काउंटरवर असते. रिपीट प्रिस्क्रिप्शनची पिशवी हातात देताना आम्ही विचारतो, याशिवाय काही घेता का, हर्बल वगैरे? सेंट जॉन्स वर्ट घेणारी मुलगी गर्भनिरोधक गोळी न्यायला आली, तर फार्मासिस्टला आतून बोलावलं जातं. त्या वनस्पतीमुळे यकृतातली एन्झाइम्स जोरात कामाला लागतात आणि गोळीचा असर कमी होतो. हर्बल औषधाने कुणाला त्रास झाला तर त्याचंही यलो कार्ड, म्हणजे दुष्परिणामाची सरकारी नोंद, भरलं जातं. यलो कार्डाची पद्धत 1964 पासूनची. वनस्पती पवित्र की थोतांड, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही.

ज्येष्ठमधाचंच बघा. आमच्या द्रव्यगुणात, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी द्रव्यांच्या विषयात, तो मधुर, शीत, कंठाला हितकर. भद्रकालीतल्या काष्ठौषधींच्या दुकानात सहज मिळतो, नाशिकच्या थंडीत घरोघरी काढ्यात पडतो. लीड्सपासून जवळच पॉन्टेफ्रॅक्टला त्याच्याच काळ्या वड्या पिढ्यान्‌पिढ्या खातात. यातला ग्लायसिरायझिन हा घटक मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतो. मग तिथे निष्प्रभ व्हायला हवं ते कॉर्टिसॉल हे संप्रेरक अल्डोस्टेरॉन या मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकासारखं वागू लागतं: सोडियम आणि पाणी शरीरात राहतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, रक्तदाब चढतो. कधीमधी कांडी चघळल्याने काही बिघडत नाही. पण रोज, आठवडेच्या आठवडे घेतलं आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी असली, तर पोटॅशियम इतकं उतरतं की हृदयाचे ठोके बिघडतात. इथल्या एनएचएसने, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेने, चाळिशीपुढच्या लोकांना रोज 57 ग्रॅमपेक्षा जास्त काळं लिकोरिस (ज्येष्ठमधाच्या त्याच वड्या) दोन आठवडे खाऊ नका, असं साध्या भाषेत सांगून ठेवलंय.

आता सांगा, हे नाशिकमध्ये कोण शिकवतं? एमबीबीएसच्या मुलाला अल्डोस्टेरॉन पाठ असतं, पण समोरच्या आजींच्या बटव्यात काय आहे ते तो विचारत नाही. बीएएमएसच्या मुलीला बटवा माहीत असतो, पण पोटॅशियमचा रिपोर्ट वाचायची सवय लावली जात नाही. माझी आई बीपीची गोळी घेते आणि घसा बसला की ज्येष्ठमध. गंगापूर रोडवरच्या एकाही ओपीडीत तिला त्याबद्दल विचारलं गेलेलं नाही.

आणि चुलतभावासाठी एक गोष्ट. आम्हीही पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे होतो, फॉर्मलीनने डोळे चुरचुरत. सुश्रुताने तर प्रेत मुंज गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायला सांगितलंय. सात रात्रींनंतर वाळ्याच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनी बघायचा. त्याने हाडं 300 मोजली, आज प्रौढ माणसाची 206 मोजतात. तो दात आणि कूर्चाही धरत होता. डोळ्यांनी बघा म्हणणाऱ्या माणसाचं नाव घेऊन आमचे लोक लॅब रिपोर्टला नाकं मुरडतात, याचं मला चुलतभावाच्या टोमण्याहून जास्त वाईट वाटतं. हृदयाचं औषध डिगॉक्सिन फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीतून आलं, मलेरियावरचं आर्टेमिसिनिन चिनी झाडातून, आणि 2015 चं नोबेल त्यावर मिळालं. आपल्या सर्पगंधेवर डॉ. रुस्तम वकील या हृदयरोगतज्ज्ञांनी 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात लिहिलं, ते रक्तदाब मोजून. मोजलं म्हणून जगाने ऐकलं.

माझी डिग्री इथे चालत नाही. काउंटरवर कुणी डॉक्टर आहात का विचारलं तर मी नाही म्हणते, पंचवटीत आईच्या शेजारणी अजून "डॉक्टर कधी येणार?" विचारतात. ग्रुपवर काही लिहिलं की उत्तर येतं, तू गेलीस ना सोडून, आता कशाला बोलतेस. ते लागतं. इथे मी डॉक्टर नाही आणि तिथल्या भांडणात कुठल्याच बाजूची नाही. तरी बोलते, कारण गोळी आणि काढा दोन्ही ज्यांच्या पोटात एकत्र जातात ती माझी माणसं आहेत.

म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठातूनच एमबीबीएसचेही पेपर निघतात आणि बीएएमएसचेही. दुसऱ्या वर्षाला दोघांना एक प्रश्न सारखा घाला. वय 62, बीपीची गोळी चालू, पायात गोळे येतात, पोटॅशियम कमी, घशासाठी रोज ज्येष्ठमध: काय विचाराल, काय थांबवाल, का? मला बोलावलं तर उत्तरपत्रिका तपासायला मी स्वखर्चाने येईन.