सर्व्हर बंद झाला तरी खेळ उरायला हवा

गेल्या आठवड्यात साताऱ्याच्या घरी माळा आवरताना आमचा लहानपणचा टीव्ही गेम सापडला. खोक्यात यंत्र, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट होती. त्या वेळी सगळेच तिला कॅसेट म्हणत, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. तिच्यावरचे चित्र केव्हाच निघून गेले होते. मागच्या बाजूला मात्र आईच्या अक्षरात, बॉलपेनने गिरवून लिहिलेले होते : 'मुलांची आहे, टाकू नये.' कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या तांब्याच्या पट्ट्या काळवंडल्या होत्या. त्या खोडरबराने हलक्या हाताने घासल्या, कापसाला स्पिरिट लावून पुसल्या, दुकानातून त्याच व्होल्टेजचा नवा अडॅप्टर आणला आणि पिवळी-पांढरी वायर टीव्हीच्या मागे जोडली. पहिल्यांदा नुसता करडा पडदा दिसला. दुसऱ्यांदा कॅसेट जरा दाबून बसवली, आणि १९९६ साली जे संगीत ऐकत मी आणि धाकटा भाऊ जेवायची हाक कानाआड करत असू, तेच संगीत घरात पुन्हा वाजले. माझा आठ वर्षांचा भाचा पाच मिनिटांत पहिला टप्पा पार करून गेला.

आमचे ते यंत्र म्हणजे निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या यंत्राची स्वस्त नक्कल होती. तशा नकला तेव्हा भारतात गल्लोगल्ली मिळत. तरीही त्यातली कॅसेट आज चालते, याचे कारण साधे आहे. खेळ कारखान्यातच चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो. तो टिकवायला ना वीज लागते, ना इंटरनेट, ना कुणाची परवानगी. तो बनवणारी कंपनी उद्या बुडाली, तरी त्या कॅसेटला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आता दुसऱ्या एका खेळाची गोष्ट सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत भाऊ जर्मनीत अडकला होता आणि आम्ही पुण्यात. दोघांनी मिळून एक ऑनलाइन खेळ पैसे देऊन विकत घेतला. त्यात आपल्याला हवे तसे गाव उभारता येत असे. रोज रात्री तासभर खेळून आम्ही साताऱ्याचे आमचे जुने घर तिथे बांधले. वाडा पाडून इमारत झाली त्याला आता बरीच वर्षे झाली आहेत. त्यामुळे पडवीला खांब किती होते, माडीचा जिना कुठून वळत होता, हे सगळे आठवून आठवून करावे लागले. आई शेजारी बसून बघायची. एका रात्री ती म्हणाली, "अरे, तुळशीवृंदावन त्या बाजूला नव्हतं, विहिरीकडे होतं." भावाने तिकडून लगेच ते हलवले. आईने मान डोलावली आणि मग बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

दोन वर्षांनी कंपनीचा ईमेल आला : अमुक तारखेपासून सेवा बंद होत आहे, आपल्या साथीबद्दल आभार. आम्ही बांधलेले घर उतरवून घेण्याची कोणतीही सोय नव्हती. आम्ही पैसे परत मागितले नव्हते आणि त्यांनी सर्व्हर, म्हणजे खेळ ज्यावर चालतो तो कंपनीचा संगणक, कायम चालवत राहावा, असेही आमचे म्हणणे नव्हते. ती फाइल तेवढी द्या, आमच्या संगणकावर आम्ही ती उघडू, एवढेच लिहून पाठवले. ठरावीक मजकुराचे उत्तर आले. आज त्या घराची फोनमध्ये काढलेली सात छायाचित्रे आमच्याकडे आहेत.

खेळासारख्या क्षुल्लक गोष्टीवर एवढे लिहायचे का, असे काहींना वाटेल. मला ही गोष्ट क्षुल्लक वाटत नाही. माझे मत स्पष्ट आहे : जी गोष्ट 'विकत घ्या' असे बटण दाखवून विकली जाते, ती विकणाऱ्याचा रस संपल्यावरही घेणाऱ्याच्या हातात चालती राहिली पाहिजे, आणि खेळ हा चित्रपटासारखा, कथेसारखा आपल्या काळाचा ठेवा असल्यामुळे तो जपण्याची सोय कायद्यानेच व्हायला हवी.

हे दुखणे माझ्या एकट्याचे नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यात संपूर्ण अमेरिकेचा लहान केलेला नकाशा होता आणि एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गाडी चालवत जाता येत असे. एकट्याने खेळायची कथाही त्यात होती, पण तीसुद्धा सर्व्हरशी जोडल्याशिवाय सुरूच होत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्या कपाटात पैसे मोजून घेतलेली डिस्क आहे, त्यांच्यासाठीही ती डिस्क निव्वळ चकती उरली. त्यातून यूट्यूबवर खेळांविषयी बोलणारे रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली, आणि युरोपीय संघाकडे केलेल्या नागरिकांच्या मागणीवर २०२५ च्या जुलैपर्यंत १० लाखांहून अधिक सह्या जमल्या. त्यांची मागणी नेमकी आहे, म्हणूनच मला ती पटते. खेळाला आधार देणे बंद करायचे असेल तर जरूर करा. पण निरोप घेताना तो चालू शकेल अशा अवस्थेत लोकांच्या हाती सोडा.

कंपन्यांची बाजू मी वाचली आहे आणि ती पोकळ नाही. सर्व्हर चालवायला खर्च येतो, गाड्यांच्या आणि संगीताच्या परवान्यांची मुदत संपते, जुन्या सॉफ्टवेअरमधल्या फटींतून चोरांना वाट मिळते. परंतु परवाना संपल्यावर नवी विक्री थांबवणे वेगळे आणि आधीच विकलेला खेळ निकामी करणे वेगळे. आणि जमते, हे दाखवून देणारी उदाहरणेही आहेत. 'नॉकआउट सिटी' हा खेळ २०२३ मध्ये बंद करताना त्याच्या निर्मात्यांनी लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन निरोप घेतला. 'सिटी ऑफ हीरोज' २०१२ मध्ये बंद झाला, चाहत्यांनी तो आपल्या खर्चाने पुन्हा उभा केला आणि २०२४ च्या जानेवारीत मूळ मालक असलेल्या कंपनीनेच त्यांना रीतसर परवाना दिला. एवढेच कशाला, 'द क्रू'वरून गदारोळ झाल्यावर त्याच मालिकेतल्या पुढच्या दोन खेळांना इंटरनेटशिवाय चालण्याची सोय देऊ, असे युबिसॉफ्टने जाहीर केले. म्हणजे अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला आहे. डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ वापरण्याचा परवाना मिळतो आहे, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरता येणार नाही, असे तो सांगतो. वस्तू कायमची उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येत असेल, तर ही अट नाही. हे पाऊल चांगले आहे, पण अपुरे आहे, कारण त्याने फक्त पाटी बदलते. पाटीवर खरे लिहिले म्हणून माझे घर परत येत नाही.

पुस्तकांच्या बाबतीतही हे घडून गेले आहे. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने किंडल या आपल्या ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रावरून लोकांनी विकत घेतलेल्या ऑर्वेलच्या '१९८४' या भविष्यकथेच्या प्रती परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, ही त्यामागची अडचण खरी होती आणि पैसेही परत केले गेले. परंतु अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी त्या पुस्तकावर काढलेली टिपणे निरुपयोगी झाली. पुढे अॅमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. दुकानदार रात्री आपल्या घरात शिरून फडताळातले पुस्तक उचलतो आणि पैसे टेबलावर ठेवून जातो, अशी कल्पना करून पाहा. कागदी पुस्तकाच्या बाबतीत आपण हे एक दिवस तरी खपवून घेतले असते का?

मी विज्ञानकथांचा जुना वाचक आहे, म्हणून हा फरक मला फार टोचतो. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते, म्हणजे परीक्षकांवर त्यांच्या कीर्तीचे दडपण येऊ नये. ती कथा आज कुणालाही वाचता येते. २०१४ सालचा 'द क्रू' मात्र कंपनीने विकला तसा आज कुणालाही खेळता येत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची कथा हाताशी आणि दहा वर्षांपूर्वीचा खेळ नाहीसा, हा उलटा हिशेब आपण मुकाट्याने का मान्य करायचा?

मागच्या पिढ्यांनीही हीच चूक केली आणि तिची किंमत मोजली. बीबीसीची 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथांची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. त्या काळी व्हिडिओ टेप महाग असे, एकदा दाखवलेला भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा असत आणि घरी कॅसेट लावून जुने भाग बघणारा प्रेक्षक अजून जन्माला यायचा होता. म्हणून टेपा पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम मुद्रित केले गेले आणि पहिल्या काही वर्षांचे कितीतरी भाग नाहीसे झाले. तरी या सगळ्या हरवलेल्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण त्या वेळच्या काही प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो घरी मुद्रित करून घेतला होता. पुढे २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात नऊ हरवलेल्या भागांची रिळे सापडल्याचे जाहीर झाले. अपोलो ११ च्या चांद्रमोहिमेतल्या दूरचित्रणाच्या मूळ टेपासुद्धा बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे नासाने २००९ मध्ये सांगितले. माणूस चंद्रावर उतरला त्या क्षणाची मूळ टेप! तिथे निदान प्रसारणाच्या इतर प्रती तरी होत्या. सर्व्हरवरच्या खेळाची अशी दुसरी प्रत कंपनीबाहेर सहसा कुठेच नसते.

आपल्याकडे तर हे दुःख घरचेच आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागलेल्या 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज ज्ञात नाही. दादासाहेब फाळके यांचे जे काही आपण आज पाहू शकतो, त्याचे मोठे श्रेय पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आणि पी. के. नायर यांना आहे. नायर यांनी १९६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत गावोगाव फिरून रिळे गोळा केली. चित्रपट म्हणजे वेळ घालवायचे साधन, तो काय जपायचा, असे म्हणणाऱ्यांची तेव्हाही वाण नव्हती. नायर त्यांचे ऐकत बसले असते तर आज आपल्या हाती काय राहिले असते?

खेळांसाठी असे घर आपण कधी बांधणार? १९५४ च्या कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत प्रकाशकाला स्वखर्चाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि ठरवून दिलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांत द्यावी लागते. पुण्यात तयार झालेला 'राजी' हा खेळ २०२० मध्ये जगभर गेला. आपल्या पुराणकथांमधून आणि राजस्थानी वास्तुकलेतून त्याचे जग उभे राहिले आहे. चाळीस वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला भारतीय खेळांची सुरुवात कशी झाली हे बघायचे असेल, तर त्याने कोणाचे दार वाजवायचे? पुस्तकांसारखाच खेळांच्या प्रती जमा करण्याचा नियम व्हावा आणि सर्व्हरवर चालणारा खेळ बंद करताना तो चालवायला लागणारे सॉफ्टवेअर त्या संग्रहालयाच्या स्वाधीन करावे, असे मला मनापासून वाटते. शिवाय आपला १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा रीतसर मिळवलेल्या संगणक प्रणालीची स्वतःच्या, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत काढू देतो. म्हणजे मुभेचा पाया आहे. पण ज्या खेळाचा अर्धा भाग कंपनीच्या सर्व्हरवर असतो, त्याची प्रत आपण काढणार कशी?

तोवर निदान आपल्या हातात आहे तेवढे करू या, म्हणून ही पोस्ट. दोन पर्याय असतील तिथे मी इंटरनेटशिवाय चालणारा, उतरवून ठेवता येणारा खेळ घेतो. ऑनलाइन खेळात मुलांनी काही बांधले, रचले असेल तर त्याचे चित्रण आधीच करून ठेवतो. आणि तुमच्याकडे माळ्यावर जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेट, संगणकाच्या फ्लॉपी किंवा खेळांच्या सीडी पडून असतील, तर दिवाळीच्या आवराआवरीत त्या भंगारवाल्याला देऊ नका. चालत नसतील तरी देऊ नका. पट्ट्या घासून बऱ्याच चालू होतात. पुण्यात किंवा साताऱ्यात असाल तर खाली कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन, आणि कुणाच्या घरातून आली ते प्रत्येक कॅसेटच्या मागे लिहून ठेवीन.