“एसीत फक्त गॅस भरायचाय”

जुन्या स्पोर्टी गाडीच्या जाहिरातीतला सगळ्यात महाग शब्द कोणता? ‘फक्त’. एसीत फक्त गॅस भरायचाय. पासिंग फक्त करून घ्यायचंय. इंजिनाचा दिवा फक्त सेन्सरमुळे लागतो. अरे बाबा, फक्त गॅसच भरायचा होता तर गिऱ्हाईक यायच्या आधी भरला का नाहीस? भरला होता, आठवड्यात उडाला, म्हणून! कूलिंग कॉइल गळतेय. ती बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि वीस वर्षं उन्हात भाजलेलं ते प्लास्टिक चार क्लिपा तोडल्याशिवाय परत बसत नाही. मग जन्मभर खडखड ऐका.

विषय पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचा, म्हणजे ऑक्टाव्हियाच्या स्पोर्टी आवृत्तीचा. आपल्याकडे २००४ ला आली. हिच्या साध्या बहिणी औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जोडल्या जायच्या. १.८ लिटर, २० व्हॉल्व्ह, टर्बो पेट्रोल, १५० बीएचपी. युरोपातल्या आरएसला १८० होते, तर इथले विक्रेते बिनधास्त १८० ठोकून देतात. कमी पैशात असला दम दुसरीकडे मिळत नाही, म्हणून पोरं अजून हिच्यामागे धावतात. गाडीत खोट नाही. खोट आहे ती ‘मख्खन आहे, काही काम नाही, टाइमपासवाल्यांनी फोन करू नये’ असं लिहिणाऱ्यांत.

मुळात ती आरएस आहे का, हेच आधी बघावं लागतं. बॅज कोणीही विकत आणून चिकटवतो. आरसीवर इंधनाच्या रकान्यात ‘डिझेल’ आणि डिकीवर आरएस, हाही विनोद बाजारात चालतो. स्टेपनीच्या खड्ड्यात एक पांढरा स्टिकर असतो. त्यावर चासी नंबर, इंजिनाचा कोड आणि रंगाचा कोड छापलेला असतो. तो आरसीशी जुळवा. स्टिकर खरवडून काढलेला दिसला तर चहासुद्धा न घेता निघा.

दुसरी चीड येते ती गाडी आधीच गरम करून ठेवण्याची. ‘आत्ताच पेट्रोल भरून आणली.’ कशाला? गार इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. येताना कळवा की गाडी सुरू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गार असेल तर किल्ली फिरवून आधी नुसतं इग्निशन लावा. इंजिनाचा दिवा लागायला हवा, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. इग्निशनलाच लागला नाही तर कोणीतरी तो दिवाच मारून ठेवलाय. केवढं डोकं चालवलंय! तेवढं डोकं इग्निशन कॉइल बदलण्यात चालवलं असतं तर? स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या या कॉइल हिला प्रत्येक सिलिंडरवर एक अशा चार असतात आणि त्या जातातच. चढावर गाडी झटके देत असेल आणि दिवा लुकलुकत असेल तर ‘घाण पेट्रोल आलं असेल’ ही थाप ऐकून घेऊ नका.

मग दोन मिनिटं आयडलवर ठेवा आणि एकदम रेस द्या. मागून निळा धूर आला तर ऑइल जळतंय: व्हॉल्व्ह सील, नाहीतर टर्बोचं सील. ऑइल टाकायचं झाकण उलटं करून बघा. खाली काळा चिखल असेल तर तोच चिखल इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमधल्या गाळणीतही आहे. या इंजिनात जेमतेम साडेचार लिटर ऑइल आणि वर टर्बोची उष्णता. त्यात कोणी पैसे वाचवायला साधं मिनरल ऑइल ओतलं की ते करपतं, गाळणी चोंदते, प्रेशर पडतं आणि आधी टर्बो, मग बेअरिंग जातात. हिला लागतं ५W-४० सिंथेटिक. तीन-चार हजार वाचवणारा माणूस वर तोंड करून सांगतो, ‘पॅशनने सांभाळलीय.’

टायमिंग बेल्टचं तर विचारूच नका. ‘बदललाय.’ कधी? ‘मागच्या मालकाने.’ बिल? ‘शोधावं लागेल.’ म्हणजे बदललेला नाही. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, आणि इथे वाकायला वीस व्हॉल्व्ह आहेत. नुसता बेल्ट बदलूनही भागत नाही. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपही सोबतच बदलायला हवेत. जुन्या पंपाचा प्लास्टिकचा पंखा फुटतो आणि गाडी ट्रॅफिकमध्ये उकळते. बिल नसेल तर हा सगळा खर्च किमतीतून आधीच वजा करा, मग बोलणी सुरू करा.

रिमॅपवाले, म्हणजे ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवणारे, वेगळेच. ‘स्टेज वन केलीय’ हे असं सांगतात जणू हुंडाच देतायत. इंजिनाला मुळात हवं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल. त्याहून कमी ऑक्टेनवर बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवलं की इंजिन नॉक करतं (आतून ठोके देतं) आणि ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो, म्हणजे पैसे घालून दम घालवला. शिवाय वीस वर्षांचे व्हॅक्यूमचे रबरी पाइप चिरलेले आणि टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटलेला. फुस्स आवाज येतो, त्याला हे ‘टर्बोचा साउंड’ म्हणतात!

कागदांत तर कहरच. २००४ च्या गाडीचं पासिंग २०१९ ला संपलं. नूतनीकरण झालं असेल तर ते पाच वर्षांचंच, म्हणजे तेही बघा. वीस वर्षांवरच्या कारला २०२५ पासून नूतनीकरणाचे १०,००० रुपये, मुदत उलटली की महिन्याला ५०० विलंब शुल्क. तीन वर्षं शेडमध्ये झोपलेली असेल तर त्याचेच १८,०००. वर पर्यावरण कर, फिटनेस, नवी नंबरप्लेट, थकलेली चलनं. कर्ज फिटून जमाना झाला तरी बँकेचं नाव आरसीवर तसंच असतं, कारण ते नाव काढायचा फॉर्म ३५ आरटीओला द्यायचं कोणाला सुचलंच नाही. हे सगळं मिळून ‘पासिंग फक्त करून घ्यायचंय’.

चार लाखांचं बजेट असेल तर गाडीला अडीच द्या आणि दीड लाख हात न लावता ठेवा. विक्रेता तोंड वाकडं करेल, करू दे. त्याने पाच वर्षं पुढे ढकललेली कामं तुमच्या पहिल्या तीन महिन्यांत दारात उभी राहणार आहेत.

आणि सगळं पटलं, टोकन काढायला खिशात हात गेला की येतं शेवटचं ‘फक्त’: दुसरी किल्ली फक्त सापडत नाहीये, घरीच आहे कुठेतरी. नवी किल्ली म्हणजे चिप, इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) पिन आणि गाडीशी कोडिंग. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याचं ते काम नाही. घरीच आहे ना? मग शोधा. आम्ही थांबतो.