दुपारी बाग रिकामी, कारण फाटकाला कुलूप!

"दुपारी बागेत येतंय कोण?" असं विचारून एका लेखाच्या लेखकानं सांगली-मिरजेतल्या बागा दहा ते चार बंद ठेवण्याचं समर्थन केलंय. साहेब, कुलूप लावून वर गिऱ्हाईक नाही म्हणायचं, हे कुठलं गणित? मागच्या वैशाखात सासरे मिरजेत ॲडमिट होते, बारा दिवस. मिरजेला सांगली-कोल्हापूरचेच काय, पार कर्नाटकातनं पेशंट येतात, आणि एका पेशंटमागं दोन-तीन माणसं. वॉर्डात एकालाच थांबू देतात. बाकीच्यांनी चाळीस डिग्रीत जायचं कुठं? आम्ही भाकरी सोडायचो ती बंद दुकानाच्या पायरीवर. समोरच बाग, आत जांभळाची गार सावली, आणि त्या सावलीत वॉचमन घोरतोय. (त्याच्यावर राग नाही, त्याची झोप बघून हेवा वाटायचा.) शेजारी बसलेल्या विजापूरकडच्या आजी फाटकाच्या गजातनं हात घालून नळाखाली बाटली धरायच्या.

हिरवळ, कारंजं, सेल्फी पॉइंट संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी ठीक आहे. पण भर दुपारी माणूस झाडाखालीच जातो. आमराईत आंब्याखाली उभं राहून बघा एकदा. नव्या बागांत मात्र शोभेचे पाम, आणि जुनं झाड असलंच तर त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हिंग ब्लॉक. मुळांना पाणी मिळणार कुठनं? आमच्या कॉलनीतला गुलमोहर असाच वाळत गेला आणि वळवाच्या पहिल्या वाऱ्यात आडवा झाला. खड्डा बुजवून तिथंही ब्लॉकच बसवलेत.