ऑस्टेरोडेचा जिल्हा गेला, नगरचा कधी फुटणार?

एक मे जवळ आला की महाराष्ट्रात नव्या जिल्ह्यांची एक यादी मोबाइलवर फिरू लागते. तिच्यात मालेगाव असतं, उदगीर असतं, अंबाजोगाई असतं आणि नगरचं विभाजन तर कधीच चुकत नाही. फक्त नव्या जिल्ह्याचं मुख्यालय यादी पाठवणाऱ्याच्या गावाप्रमाणे बदलतं. संगमनेरकराकडे संगमनेर, श्रीरामपूरकराकडे श्रीरामपूर. मी मूळचा अकोले तालुक्यातला, तेव्हा माझा कल कुठे असेल ते वेगळं सांगायला नको. यंदा विभाजन हवंच म्हणणाऱ्या माझ्या मावसभावाने मलाच या वादात ओढलं. त्याच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, जर्मनी जिल्हे एकत्र करून खर्च वाचवते आणि आपण तोडत सुटलोय. "तू तिथेच राहतोस ना? सांग बरं यांना काय ते," म्हणाला.

गोष्ट खरी आहे, आणि मी राहतो तिथलीच आहे. हार्त्स डोंगराच्या नैऋत्य पायथ्याचा हा भाग म्हणजे पूर्वीचा ऑस्टेरोडे आम हार्त्स जिल्हा. १ नोव्हेंबर २०१६ रोजी तो शेजारच्या ग्योटिंगन जिल्ह्यात विलीन झाला.

प्रशिया या तेव्हाच्या बलाढ्य जर्मन राज्याने १८६६ मध्ये हॅनोवरचं राज्य गिळलं आणि १८८५ मध्ये तिथे आपल्या पद्धतीचे जिल्हे पाडले. ऑस्टेरोडे त्यातलाच एक. तो १३१ वर्षं टिकला, पण त्याची हद्द काही जागेवर राहिली नाही. महायुद्धात हरलेला जर्मनी विजेत्यांनी वाटून घेतला आणि १९४५ च्या जुलैत ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजांनी आपसात गावांची देवघेव केली, तेव्हा बाड साक्सा आणि टेटेनबोर्न ही गावं ब्रिटिशांकडे, म्हणजे या जिल्ह्यात आली. शेजारच्या ब्लांकेनबुर्ग जिल्ह्याची गंमत तर आणखी न्यारी. त्याचं मुख्यालयच सोव्हिएत भागात राहिलं आणि पश्चिमेला उरलेला तुकडा ब्लांकेनबुर्ग हेच नाव लावून १९७२ पर्यंत स्वतंत्र जिल्हा म्हणून चालला. मुख्यालयाचं गाव दुसऱ्या देशात आणि जिल्हा इकडे! १९७२ मध्ये तो मोडला तेव्हा वाल्केनरीड, वीडा, त्सोर्गे ही गावं ऑस्टेरोडेला मिळाली. त्याच दशकात सगळ्या पश्चिम जर्मनीत जिल्ह्यांची मोडतोड झाली आणि सव्वाचारशेच्या आसपास असलेले ग्रामीण जिल्हे अडीचशेच्या आत आले.

ऑस्टेरोडे त्या फेरीतून वाचला, वर मोठाही झाला. पुढे पैसा आटला. पूर्व जर्मनीच्या सरहद्दीच्या पट्ट्याला बॉनकडून, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या केंद्र सरकारकडून मिळणारी खास मदत बर्लिनची भिंत पडल्यावर बंद झाली. बाड ग्रुंडची शिशा-जस्ताची खाण १९९२ मध्ये बंद पडली. तरुण ग्योटिंगनला किंवा हॅनोवरला गेले, मागे म्हातारी माणसं आणि कर्ज राहिलं. शेवटी लोकसंख्या ७३ हजारांच्या आसपास होती. आपल्याकडे एवढी माणसं एखाद्या बऱ्या नगरपालिकेत असतात. हा भाग ज्या राज्यात येतो त्या लोअर सॅक्सनीच्या सरकारने २००९ पासून कर्जबाजारी जिल्ह्यांपुढे आमिष ठेवलं होतं: एकत्र या, तुमच्या रोजच्या खर्चासाठी काढलेल्या कर्जातला ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग आम्ही उचलतो. सुरुवातीच्या बोलण्यांत नॉर्टहाइम जिल्हाही होता, तो बाहेर पडला. ऑस्टेरोडे आणि ग्योटिंगन उरले. बेर्नहार्ड रॉयटर हे आधी ऑस्टेरोडेचे लांडराट, म्हणजे जिल्हाप्रमुख होते, २०११ पासून ग्योटिंगनचे झाले. दोन्ही घरं आतून पाहिलेला माणूस असल्यामुळे सोयरीक जमवायला सोपं गेलं असावं, असा माझा अंदाज.

ग्रुपवरच्या त्या गृहस्थाला हवा असलेला पुरावा इथवर मिळतो. पुढचं त्याला आवडणार नाही.

जिल्हा गेला तरी इथल्या माणसाच्या रोजच्या आयुष्यात फारसं काही हललं नाही. याचं कारण साधं आहे: त्याचं रोजचं काम जिल्ह्याकडे नव्हतंच. पत्ता नोंदवणं, ओळखपत्र, पासपोर्ट, जन्माचा दाखला, लग्नाची नोंद, ही सगळी कामं गावाच्या नाहीतर शहराच्या राटहाउसात, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायत-नगरपालिकेत होतात. जिल्ह्याकडे कचरा, मोठ्या शाळा, जिल्हा रस्ते, समाजकल्याण, गाड्यांची नोंदणी अशी जड कामं. ऑस्टेरोडेचं जुनं जिल्हा कार्यालयही बंद केलं नाही, शाखा म्हणून चालू ठेवलं. शिवाय आकार बघा. विलीन झालेला नवा जिल्हा साधारण १,७५५ चौरस किलोमीटरचा, वस्ती सव्वातीन लाखांच्या घरात. आपला नगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर माणसं. म्हणजे जर्मनीने दोन जिल्हे जोडून जे केलं ते आपल्या एका जिल्ह्याचा दहावा हिस्सा आहे. वाल्केनरीडहून ग्योटिंगन साठेक किलोमीटर, अकोल्याहून नगर शे-सव्वाशे. "जर्मनी जोडते, आपण तोडतो" हे वाक्य या आकड्यांपुढे उभंच राहत नाही.

मग मावसभावाची बाजू जिंकली का? त्याच्याशी माझं खरं भांडण इथेच आहे.

इथला जिल्हा हा आधी एक निवडून दिलेली सभा आहे, कार्यालय नंतर. तिला क्राइसटाग म्हणतात. तिचे सदस्य नोकरी-शेती सांभाळून मानद काम करतात. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याने आपल्या सगळ्या राज्याचे मिळून पाचच अवाढव्य जिल्हे करायचं ठरवलं होतं. ग्राइफ्सवाल्डच्या राज्य घटना न्यायालयाने २००७ मध्ये तो कायदा रद्द केला. इतक्या मोठ्या जिल्ह्यात साध्या नागरिकाला सदस्य म्हणून काम करणं कितपत जमेल याचा सरकारने पुरेसा विचार केला नाही, असा कोर्टाचा मुख्य आक्षेप होता. राज्याने २०११ मध्ये तडजोड म्हणून सहा जिल्हे केले. ऑस्टेरोडेतही दुखतं ते इथेच. स्वतःची सभा गेली. आता हार्त्सचे सदस्य ग्योटिंगनच्या सभागृहात अल्पमतात बसतात. इथले जुने लोक तक्रार करतात ती याचीच, आणि मला ती रास्त वाटते. पैसे वाचले असतील, पण निर्णय घेणारं टेबल दूर गेलं.

आपल्याकडे मात्र जिल्ह्याची मागणी म्हणजे जिल्हाधिकाऱ्याची मागणी असते. कलेक्टर जवळ हवा, एसपी जवळ हवा, सिव्हिल हॉस्पिटल हवं. कलेक्टरचं पद वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये काढलं ते वसुलीसाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच ब्रिटिशांनी जर्मनीच्या आपल्या ताब्यातल्या भागात जिल्ह्यांची घडी उलटी बसवली: वर लोकांनी निवडलेली सभा आणि तिचा मानद अध्यक्ष, त्यांच्या हाताखाली पगारी प्रशासक. लोअर सॅक्सनीत ही दुहेरी पद्धत १९९० च्या दशकापर्यंत चालली, आता लांडराटच थेट निवडून येतो. एकाच साम्राज्याने आपल्याला साहेब दिला आणि जर्मनांना सभा. आपल्याकडे १९६२ पासून जिल्हा परिषदा आहेत हे मान्य. वसंतराव नाईक समितीने मांडलेलं ते चित्र मोठं होतं. पण २०२२ मध्ये मुदत संपल्यावर बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. या काळात जिल्हा विभाजनासाठी मोर्चे निघाले. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीसाठी निघालेला मोर्चा माझ्या तरी पाहण्यात नाही.

पालघरकडे पाहा. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून तो वेगळा झाला आणि राज्याचा ३६ वा जिल्हा ठरला. मुख्यालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन व्हायला २०२१ उजाडलं. वावर-वांगणीच्या १९९२ च्या बालमृत्यूंनंतर ज्या जव्हार-मोखाड्याकडे सगळ्या राज्याचं लक्ष गेलं, त्यांना ठाणे दूर होतं हे खरं, पण रेल्वेकाठचं पालघरही काही अंगणात आलेलं नाही. जव्हारला मुख्यालय करा ही मागणी होतीच. मुख्यालय ठरवताना डोंगर हरतो.

अस्मितेचा प्रश्न म्हणाल तर तो जर्मनांनी पत्र्याच्या पाटीवर सोडवला. २०१२ पासून मोडलेल्या जिल्ह्यांची जुनी अक्षरं गाड्यांच्या नंबरप्लेटवर पुन्हा लावता येऊ लागली. १९७३ मध्ये बुडालेल्या डुडरस्टाटची डीयूडी परत आली, ऑस्टेरोडेची ओएचए तर गेलीच नाही. माझ्या शेजाऱ्याने गेल्या वर्षी नवी गाडी घेतली तरी ओएचएच लावली. आपल्या श्रीरामपूरला जिल्हा नसताना एमएच १७ मिळालेलाच आहे, तेव्हा तिथल्या मंडळींनी निम्मी लढाई कधीच जिंकली म्हणायची.

मावसभावाला मी एवढंच लिहिलं: नगरचं विभाजन व्हायला हवं, एवढा जिल्हा एका कार्यालयातून चालत नाही. शिर्डीला २०२३ मध्ये अप्पर जिल्हाधिकारी कार्यालय मंजूर झालं त्यातच ही कबुली आहे. पण मुख्यालय संगमनेर की श्रीरामपूर यावर डोकी फोडण्याआधी नव्या जिल्हा परिषदेच्या हातात स्वतःचा पैसा किती असेल आणि कुठली कामं तालुक्यात, ग्रामपंचायतीत संपतील ते सरकारकडून लिहून घ्या. त्याचं उत्तर आलं, "ते ठीक आहे, पण मुख्यालय संगमनेरच ना?"