कॅम पोलादी असेल तर गिअर कशाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बोटीच्या इंजिनातील डिस्ट्रिब्युटर गिअरवरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला कॅमवरून फिरवणाऱ्या दातेरी चाकावरच्या) माझ्या लेखाबद्दल आपण लिहिले आहे की, ब्राँझचा गिअर सुचवणे म्हणजे ग्राहकाला दर हंगामात खर्चात पाडणे होय. आपल्या मते कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) पोलादी असेल तर गिअरही पोलादीच हवा, कारण कठीण धातूपुढे कठीण धातूच टिकतो, आणि तीस वर्षे आपण जीपची इंजिने याच विचाराने बांधत आला आहात. नागपुरात बसून समुद्रातल्या बोटींविषयी कशाला लिहायचे, असेही आपण विचारले आहे. त्याचे उत्तर एवढेच, की हिंगणा एमआयडीसीतील आमच्या वर्कशॉपमध्ये अशी व्ही-८ इंजिने मुंबईकडून रस्त्याने येतात आणि बांधून परत जातात.

पहिल्या मुद्द्यावर मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण याच समजुतीपायी वाया गेलेला एक चांगला कॅम मी हातात घेऊन पाहिला आहे. शेवरोलेचे ४५४ घनइंचाचे, म्हणजे ७.४ लिटरचे ते इंजिन दुसरीकडे बांधले गेले होते. पोलादी बिलेट (अखंड ठोकळ्यातून कापून काढलेला) कॅम आणि त्यावर कठीण केलेला पोलादी गिअर, अशी जोडी होती. डिस्ट्रिब्युटर वर उचलला तेव्हा गिअरच्या दात्यांना विळीच्या पात्यासारखी धार आलेली होती, ऑइल पॅनच्या तळाशी बारीक करडा गाळ बसला होता, आणि गिअर शाफ्टला धरून ठेवणारी रोल पिन मात्र जशीच्या तशी शाबूत होती. म्हणजे गिअर सुटला नव्हता, घसरला नव्हता. दोन कठीण दाते एकमेकांना खात गेले होते. गिअर बदलता आला असता, पण कॅमवरचे दातेही ओरबाडले गेल्यामुळे कॅमच टाकून द्यावा लागला.

याचे कारण दात्यांच्या रचनेत आहे. कॅम आडवा आणि डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट त्याला काटकोनात असल्यामुळे हे तिरपे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर घसरतात, आणि त्यांचा स्पर्श रेषेत न होता जवळजवळ बिंदूत होतो. अशा घसरणीत तेलाचा पातळ थर तुटला की सारख्या जातीचे दोन पोलाद एकमेकांना चिकटतात आणि चिकटलेला कण उपटून निघतो. आपल्या एमआयडीसीतला कोणताही जुना कारागीर वर्म गिअरबॉक्स उघडून दाखवील: वर्म, म्हणजे स्क्रूसारखा दांडा, पोलादाचा आणि चाक ब्राँझचे. तेथे कोणी ब्राँझला कमजोर म्हणत नाही, कारण झिजायचे कोणी हे आधीच ठरवलेले असते. शेवरोलेच्या या इंजिनांत तर कॅमवर १३ आणि गिअरवरही १३ दाते असतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात तोच दाता त्याच दात्याला भेटतो आणि एकदा पडलेली खोच बुजण्याऐवजी वाढतच जाते.

आपल्या जीपच्या अनुभवावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण त्यातली जोडी कारखान्यानेच जुळवून दिलेली होती आणि तिच्यावरचा भारही बेताचा होता. येथे गिअरवरचा खरा भार डिस्ट्रिब्युटरचा नसतो, तर त्याच शाफ्टखाली फिरणाऱ्या ऑइल पंपाचा असतो. मोटार उतारावर, सिग्नलवर विसावा घेते. बोटीचा प्रोपेलर पाणी कापत असेपर्यंत इंजिनाला विसावा नाही, आणि लाटेवर तो क्षणभर पाण्याबाहेर आला की आरपीएम एकदम चढून पुन्हा आदळतात. त्यात हौसेने जास्त क्षमतेचा पंप, वर कडक स्प्रिंग आणि दाट तेल घातले, तर सुरू करतानाच दात्यांवर सर्वाधिक ताण येतो. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात स्टँडवर चालवलेले इंजिन यातले काहीच सांगत नाही, कारण तेल मुळातच पातळ झालेले असते. म्हणून गरज नसताना मोठा पंप बसवू नये, असा माझा आग्रह आहे. गिअरच्या धातूइतकेच त्याला महत्त्व आहे.

बिडाच्या कॅमवर बिडाचा किंवा मेलोनाइझ केलेला (नायट्रोजन मुरवून पृष्ठभाग कठीण केलेला) गिअर चालतो. दातेही पोलादीच असलेल्या बिलेट कॅमवर ब्राँझ किंवा कार्बनयुक्त पॉलिमरचा गिअर घ्यावा. पॉलिमरचा महाग असला तरी बहुतेक सर्व कॅमवर चालतो. कॅम कशाचा आहे हे नुसत्या नजरेने ठरवू नये. लोबांमधला (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या उंचवट्यांमधला) भाग ओतीव, खरबरीत दिसला म्हणून तो साधे बीडच असेल असे नाही, तो ऑस्टेम्पर केलेल्या डक्टाइल आयर्नचाही (उष्णताप्रक्रियेने कणखर केलेल्या चिवट बिडाचाही) असू शकतो. तेव्हा कॅमच्या क्रमांकावरून उत्पादकाला विचारणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

ब्राँझ झिजतो, हे आपले म्हणणे बरोबर आहे, आणि ती झीज नजरेत ठेवावीच लागते. त्याचे कण ऑइल पॅनच्या चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणून मी दर तेलबदलाला फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडून पाहतो. सोनेरी चमक वाढली की गिअर बदलतो. टायमिंग लाइटवरही (ठिणगी नेमकी केव्हा पडते हे दाखवणाऱ्या दिव्यावरही) लक्ष ठेवावे. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे दाते झिजून तो १ अंश मागे पडला, की ठिणगी क्रँकच्या हिशेबाने २ अंश उशिरा पडते.

एका बाबतीत मात्र आपण माझी चूक अप्रत्यक्षपणे दाखवून दिलीत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. काही बिलेट कॅमवर दात्यांची बिडाची वेगळी कडी दाबून बसवलेली असते, आणि तेथे मूळचा बिडाचा गिअरच योग्य ठरतो. “बिलेट कॅम म्हणजे ब्राँझ गिअर” हे माझे सरसकट वाक्य त्यामुळे खोटे पडत होते. मूळ लेखात आज ते बदलून असे केले आहे: “गिअरचा धातू कॅमच्या धातूवरून नव्हे, तर कॅमवरच्या दात्यांच्या धातूवरून ठरवावा.”